बॅटरीला वायरी उलट्या लागल्या तर काय जळते, काय वाचते?



गळीत हंगाम सुरू झाला की फडापासून गव्हाणीपर्यंत रात्रंदिवस चाके फिरत असतात. त्यात एखादा ट्रॅक्टर अडला की त्याच्या मागचा ऊसही अडतो. कापलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आपले शेतकी खाते सांगते ते उगीच नाही. उन्हात पडलेल्या उसाचे पाणी उडते आणि आतली साखर उतरते. आपल्याला पैसे काट्यावरच्या वजनाचे मिळतात, तेव्हा वाळलेल्या उसाचा तोटा थेट सभासदाच्या खिशाला बसतो. गाडी अडण्याची कारणे पुष्कळ आहेत. त्यातले एक कारण मात्र आपण आपल्या हाताने ओढवून घेतो, आणि त्यावरच या अंकात लिहायचे आम्ही योजले आहे. ते म्हणजे उतरलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीवरून जोड देताना वायरी उलट्या लागणे.

गेल्या हंगामातली गोष्ट. एका सभासदाचा ट्रॅक्टर दोन ट्रेलर भरून फडातच उभा होता. ऊस भरताना दिवे चालू राहिले होते, त्यामुळे बॅटरी उतरली. रात्रीचे अकरा वाजले असतील. बांधाला बांध असलेले शेजारी आपली जीप घेऊन मदतीला आले. अंधार, घाई, बॅटरीच्या दोन्ही वायरींना काळीच पट्टी गुंडाळलेली, टर्मिनलवर पांढरा बुरा चढलेला. प्लसला मायनस लागले. फाडकन ठिणगी उडाली, जंपर वायरीचे रबर वितळले, आणि ट्रॅक्टर तर नाहीच, पण चालू असलेली जीपही गप झाली.

सकाळी बाजाराच्या गावातला एक मेकॅनिक आला. त्याने बॉनेट उघडून लांबूनच निकाल दिला की दोन्ही गाड्यांचे वायरिंग जळाले, दोन्ही अल्टरनेटर गेले, दोन्ही बॅटऱ्या टाकून द्या. खर्चाचा आकडा ऐकून शेजारी म्हणाले, "मी मदतीला आलो, माझं नुकसान तुम्ही भरा." ट्रॅक्टरवाले म्हणाले, "वायरी तुम्हीच लावल्या." झाले! ऊस दोन दिवस ट्रेलरवर वाळला, आणि दोन घरांचे बोलणे बंद पडले. तिसऱ्या दिवशी दोन्ही गाड्या ओढून आमच्या वाहन विभागात आणल्या. आम्ही काय तपासले आणि काय सापडले ते पुढे येईलच. आधी मूळ गोष्ट समजून घेऊ.

उलटे जोडल्यावर नेमके होते काय?

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात व प्रत्येक घर सुमारे २.१ व्होल्ट देते. म्हणून भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. जोड देताना प्लसला प्लस व मायनसला मायनस लावले की दोन बॅटऱ्या शेजारीशेजारी उभ्या राहून एकच भार उचलतात. दोन बैल एका जुवाला जुंपावेत तसे.

उलटे लावले की टॉर्चमधल्या सेलसारख्या दोन्ही बॅटऱ्या एकामागे एक लागतात, आणि त्यांचे गोल कडे पूर्ण होते. कड्यात जोर चोवीस व्होल्टपर्यंतचा, आणि अडवायला काहीच नाही. फक्त वायरींचा व बॅटऱ्यांच्या पोटातला थोडासा रोध. तो सगळा मिळून ०.०३ ओहम धरला तर चोवीस भागिले ०.०३ म्हणजे ८०० अँपियर. एवढा प्रवाह जाड वायरही क्षणात तापवतो. ठिणगी, धूर, वितळलेले रबर हे सगळे त्याचेच.

येथे एक गैरसमज काढून टाकू. "वायरिंगमध्ये चोवीस व्होल्ट घुसले" असे लोक म्हणतात. तसे नसते. त्या ओढाताणीत ज्या बॅटरीचा जोर कमी, तिच्या टर्मिनलवरचा दाब शून्यावर येतो आणि पुढे उलटाही होतो. म्हणजे त्या गाडीच्या वायरिंगला जास्त दाब मिळत नाही, उलट्या दिशेचा दाब मिळतो. बहुधा ही पाळी बंद पडलेल्या गाडीवर येते, कारण तिची बॅटरी आधीच रिकामी असते. मात्र मदतीला आलेल्या गाडीची बॅटरी लहान किंवा थकलेली असेल तर तिच्यावरही येऊ शकते.

अल्टरनेटरच पहिला का सापडतो?

विहिरीवरच्या मोटरीच्या पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. पाणी वर जाऊ देतो, माघारी येऊ देत नाही. अल्टरनेटरमधला डायोड हाच धंदा विजेसाठी करतो. अल्टरनेटरमध्ये तयार होणारी वीज पुढे-मागे हेलकावणारी असते. डायोड तिला एका दिशेने वळवून बॅटरीकडे पाठवतात आणि इंजिन बंद झाल्यावर बॅटरीतली वीज माघारी गळू देत नाहीत. साधारण अल्टरनेटरमध्ये असे सहा मुख्य डायोड, तीन जोड्यांत, बसवलेले असतात.

बॅटरी सरळ असते तोवर हे व्हॉल्व्ह बंद असतात. दाब उलटा झाला की मात्र तो व्हॉल्व्ह उघडण्याच्याच दिशेने येतो. तिन्ही जोड्या सताड उघडतात आणि प्लसपासून बॉडीपर्यंत सरळ रस्ता तयार होतो. मग दोघांत शर्यत लागते. मेन फ्यूज आधी उडाला तर डायोड वाचतात, आणि डायोड आधी जळाले तर अल्टरनेटर उघडावा लागतो. क्लिप क्षणभर टेकून उचलली असेल तर बहुतेक वेळा फ्यूजवरच भागते. चिकटवून धरून सेल्फ मारला असेल तर नुकसान वाढते.

बल्बची तार, साधा हॉर्न, हीटर प्लग यांना दिशेशी घेणे-देणे नसते. ते सहसा वाचतात. रेडिओ, एलईडी दिवे, इलेक्ट्रॉनिक मीटर व इंजिनचा कंट्रोल युनिट यांना दिशा कळते. त्यांच्यात बहुधा संरक्षणासाठी डायोड घातलेला असतो, तो स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो व मागचा माल वाचवतो. म्हणजे उडालेला फ्यूज हा शत्रू नव्हे, राखणदार आहे.

पहिली दहा मिनिटे

१) क्लिपा सुटत असतील तर लगेच सोडवा, पण वितळलेल्या वायरीला उघडा हात लावू नका. कोरडे गोणपाट किंवा चामडी हातमोजा वापरा.

२) बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो व तो ठिणगीने स्फोट घेतो. बिडी-काडी लांब. आत बघायला काडी ओढणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत, टॉर्च वापरा.

३) बॅटरी फुगली, तडकली किंवा ॲसिड सांडले असेल तर तिला पुन्हा जोड देऊ नका. सांडलेल्या ॲसिडवर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता, मग भरपूर पाण्याने धुवा. अंगावर उडाले तर साध्या पाण्याने धुवत राहा. डोळ्यात गेले तर स्वच्छ पाण्याची धार किमान पंधरा-वीस मिनिटे धरा आणि तसेच दवाखान्यात न्या. डोळ्यात सोडा घालू नका. ट्रॅक्टर दुरुस्त होतो, डोळा होत नाही.

४) "आता सरळ लावून बघू" ही घाई करू नका. वारंवार सेल्फ मारल्याने एका दोषाचे दोन होतात.

तपासणीला काय लागते?

एक साधा मल्टीमीटर, एक टेस्ट दिवा, दहा-बारा-तेराचे पाने, लोखंडी ब्रश व टॉर्च. पाणी घालता येणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर. एवढ्यावर दहातली बहुतेक दुखणी घरी ओळखता येतात. दुरुस्ती मेकॅनिककडूनच करा, पण दुखणे कोठे आहे हे आपल्याला ठाऊक असले म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे होत नाही.

पायरी पहिली : बॅटरी

आधी मायनसची वायर काढा, मग प्लसची. बसवताना उलट क्रम. टर्मिनल घासून साफ करा. शिशाचा खांब वितळून पातळ झाला आहे का ते बघा. आता मीटर लावा. लाल टोक प्लसला, काळे मायनसला.

१२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२ व त्याखाली म्हणजे जवळजवळ रिकामी. साडेदहाच्या आसपास अडकून राहत असेल, चार्ज करूनही वर येत नसेल, तर एक घर मेल्याची शंका धरावी. मीटरवर वजा आकडा आला तर मीटरची टोके पुन्हा तपासा. ती बरोबर असतील तर पूर्ण रिकामी बॅटरी उलट्या बाजूने चार्ज झाली आहे. ती गाडीला तशीच लावणे म्हणजे पहिलीच चूक पुन्हा करणे. ती बॅटरीवाल्याकडे द्यावी.

बाकी बॅटरी गाडीबाहेर काढून चार्जरवर सावकाश रात्रभर चार्ज करा, काही तास विसावू द्या, मग पुन्हा मोजा. हायड्रोमीटर असेल तर सहाही घरे बघा. भरलेल्या बॅटरीत आकडा साधारण १.२४० ते १.२८० असतो. कोणत्याही दोन घरांत ०.०५० पेक्षा जास्त फरक दिसला तर कमी आकड्याचे घर संपत आले. शेवटची परीक्षा सेल्फची. सेल्फ मारताना मीटर ९.६ च्या खाली जाता कामा नये.

बॅटरीची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. कमजोर बॅटरीवर केलेली प्रत्येक पुढची तपासणी खोटे बोलते.

पायरी दुसरी : मेन फ्यूज

बॅटरीच्या प्लसपासून निघालेल्या जाड वायरीवर, पहिल्या हातभर अंतरात, मोठा फ्यूज किंवा फ्युजिबल लिंक असते. काही गाड्यांत बॉनेटखालच्या डबीत ६०, ८० किंवा १०० अँपियरचे मोठे फ्यूज स्क्रूने बसवलेले असतात. चावी लावल्यावर डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नसेल तर शंभरात नव्वद वेळा संशय येथेच घ्यावा.

टेस्ट दिव्याचे एक टोक बॉडीला, दुसरे फ्यूजच्या एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला लावा. अलीकडे लागतो व पलीकडे लागत नाही म्हणजे फ्यूज गेला. नुसत्या डोळ्यावर विश्वास ठेवू नका. फ्युजिबल लिंक वरून धडधाकट दिसते व आतून तुटलेली असते. हलकेच ओढली आणि रबरासारखी ताणली गेली तर ती आत जळाली आहे.

मेननंतर छोटे फ्यूजही एकेक करून तपासा. बदलताना त्याच अँपियरचा घाला. तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम चालवणे म्हणजे राखणदाराला घरी पाठवून दार उघडे टाकणे होय. नवा फ्यूज लगेच उडाला तर पुढे काहीतरी शॉर्ट आहे. दुसरा घालू नका. अल्टरनेटरची जाड वायर सोडवून तिचे टोक पट्टीने झाका व मग बघा. आता फ्यूज टिकला तर चोर अल्टरनेटरमध्येच आहे.

पायरी तिसरी : चावी आणि सेल्फ

चावी एक टप्पा फिरवा. चार्जिंगचा लाल दिवा लागला पाहिजे. लागत नसेल तर त्याचा बल्ब, फ्यूज किंवा अल्टरनेटरकडे जाणारी बारीक वायर तपासा. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीची चेतना याच दिव्यातून मिळते. बल्ब गेला तर चांगला अल्टरनेटरही चार्ज करीत नाही.

सेल्फ मारल्यावर नुसते टकटक होत असेल तर बॅटरी किंवा टर्मिनलची पकड कमजोर आहे. एकच टक होऊन थांबत असेल तर सोलेनॉइड व सेल्फची जाड वायर बघा. इंजिन व चॅसीमधली अर्थची पट्टी विसरू नका. उलट्या प्रवाहात ती तापून तिचे बोल्ट सैल होतात किंवा ती तुटते, आणि मग चांगल्या गाडीतही शंभर भुते नाचू लागतात. इंडिकेटर लावला की हॉर्न वाजणे, दिवे मंद होणे अशी चिन्हे दिसली की आधी अर्थ साफ करून आवळा.

पायरी चौथी : चार्जिंग

इंजिन सुरू झाले म्हणजे काम झाले असे नाही. जुन्या पद्धतीचे डिझेल इंजिन एकदा चालू झाले की विजेवाचून चालत राहते, फक्त डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडला वीज लागते. त्यामुळे अल्टरनेटर मेलेला असतानाही ट्रॅक्टर चार फेऱ्या मारतो व पाचव्या फेरीला रस्त्यात झोपतो.

मीटर बॅटरीला लावून इंजिनचा वेग थोडा वाढवा. १३.८ ते १४.५ दरम्यान आकडा यावा. १२.६ च्या वर चढतच नसेल तर चार्जिंग नाही. १५ च्या पुढे जात असेल तर रेग्युलेटर गेला; तसेच चालवले तर बॅटरी उकळेल. काही नव्या मोटारींत कंट्रोल युनिट हा दाब मुद्दाम कमी-जास्त करतो. तेथे एका आकड्यावर निकाल देऊ नये, थोडा वेळ दिवे लावून बघावे.

आता मीटर एसीवर टाका आणि पुन्हा बॅटरीवरच मोजा. चांगले डायोड असले तर एसीचा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आतच राहतो. त्याहून जास्त दिसला, अल्टरनेटर घूंऽऽ असा आवाज करू लागला, किंवा लाल दिवा पूर्ण न विझता मंद जळत राहिला, तर एखाद-दुसरा डायोड गेला असे समजावे.

खात्री करायची तर इंजिन बंद करून बॅटरी सोडवा, अल्टरनेटरची जाड वायर काढा व मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. एक टोक त्या टर्मिनलला व दुसरे अल्टरनेटरच्या अंगाला लावा, मग टोके आलटून पालटून लावा. एका बाजूने आकडा येतो व दुसऱ्या बाजूने काहीच येत नाही, हे चांगले चिन्ह. दोन्ही बाजूंनी शून्याजवळ आले तर डायोड शॉर्ट आहेत. मात्र या परीक्षेत एकटा-दुकटा गेलेला डायोड लपून राहू शकतो, म्हणून वरची एसीची तपासणी सोडू नये.

डायोड गेले म्हणून अख्खा अल्टरनेटर टाकण्याचे कारण नाही. बऱ्याच अल्टरनेटरची डायोड प्लेट वेगळी मिळते, आणि चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन ती बदलून देतो.

पायरी पाचवी : रात्रीची गळती

गाडी बरी झाली, संध्याकाळी चालली, सकाळी बॅटरी पुन्हा उतरली! येथे लोक बॅटरीला शिव्या देतात. इंजिन व चावी बंद ठेवून मायनसची वायर काढा आणि टेस्ट दिवा ती वायर व मायनस खांब यांच्यामध्ये लावा. साध्या ट्रॅक्टरवर दिवा लागता कामा नये. लागला तर अल्टरनेटरची वायर काढून बघा. विझला तर गळती डायोडमधून आहे. नाही विझला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला दिवा विझेल त्या वाटेवर दोष आहे.

इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असलेल्या गाडीत घड्याळ व कंट्रोल युनिट यांना थोडी वीज लागतेच. ती मीटरने मोजावी. गाडी बंद करून अर्धा तास थांबल्यावर ५० मिलिअँपियरच्या आत असेल तर काळजी नको. मीटर असा मध्ये लावलेला असताना सेल्फ मात्र मारू नका, मीटर जळेल.

पायरी सहावी : नव्या गाड्या

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे नव्या मोटारी व ट्रक बी.एस. ६ चे येतात. त्यांत डिझेल फवारण्यापासून धुरापर्यंत सगळा कारभार कंट्रोल युनिट पाहतो. अशी गाडी उलट्या जोडणीनंतर सुरू झाली नाही तर लगेच "कॉम्प्युटर जळाला" म्हणू नये. आधी त्याचे फ्यूज, रिले व अर्थ बघावे. काही रिलेंच्या पोटातही डायोड असतो व तो गेला की फ्यूज उडत राहतो. तेवढा रिले बदलून बघावा. एवढे करूनही इंजिन बोलले नाही तर स्कॅनर लावणाऱ्याकडे न्यावी. डबी स्वतः उघडू नये.

ज्यांच्याकडे अजून डायनॅमोचे जुने ट्रॅक्टर आहेत त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डायनॅमोला डायोड नसतात, पण उलट्या जोडणीने त्याचे आतले चुंबकत्व उलटू शकते व तो उलटी वीज देऊ लागतो. ते जाणत्या कारागिराकडून पुन्हा सरळ करून घ्यावे लागते. शिवाय जुन्या इंग्लिश बनावटीच्या काही ट्रॅक्टरांत बॉडीला मायनस नसून प्लस जोडलेला असतो. तेथे "काळी वायर बॉडीला" हा नेहमीचा नियम लावला की फसगत झालीच.

त्या दोन गाड्यांचे काय झाले?

जीप आधी घेतली. तिची बॅटरी ११.८ दाखवत होती व प्लसची पकड अर्धी वितळली होती. मेन फ्यूज शाबूत, छोटे फ्यूज शाबूत. त्या रात्री दाब कोसळल्यामुळे डिझेलच्या सोलेनॉइडला वीज मिळाली नाही आणि इंजिन बंद पडले, इतकेच. पकड बदलली, बॅटरी रात्रभर चार्ज केली. सकाळी जीप सुरू झाली, चार्जिंग १४.१. वायरिंगचा एक धागाही जळाला नव्हता.

ट्रॅक्टरची फ्युजिबल लिंक आत तुटली होती. नवी घातली, चार्ज केलेली बॅटरी लावली, सेल्फ मारला, इंजिन चालू झाले. सगळे खूश. येथे आमच्या हातूनही चूक झाली हे कबूल केले पाहिजे. चार्जिंग १२.९ दाखवत होते, ते "बॅटरी नुकती जोडली आहे, येईल वर" म्हणून आम्ही सोडून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर पुन्हा मुका. मग एसीवर मोजले, अल्टरनेटर उघडला, तर दोन डायोड शॉर्ट. प्लेट बदलली आणि काम झाले. एक दोष सापडला म्हणून थांबू नये, शेवटच्या पायरीपर्यंत जावे, हा धडा त्या दिवशी आम्हालाही मिळाला.

एकूण नवे सामान किती लागले? एक पकड, एक लिंक, एक डायोड प्लेट. दोन अल्टरनेटर, दोन बॅटऱ्या व दोन गाड्यांचे वायरिंग हा सगळा खर्च टळला. ट्रॅक्टरवाल्यांनी जीपच्या पकडीचे पैसे स्वतः दिले, शेजाऱ्यांनी ते घेताना "राहू द्या हो" म्हटले, आणि पुढच्या खेपेला दोघांची वाहने एकाच रांगेत काट्यावर उभी होती. वाळलेल्या उसाचे वजन मात्र परत आले नाही.

सरळ जोडायची रीत

१) दोन्ही गाड्या बारा व्होल्टच्याच हव्यात. पुष्कळ ट्रकांना चोवीस व्होल्ट असतात. त्यावरून ट्रॅक्टरला जोड देऊ नये.

२) दोन्ही गाड्या एकमेकींना टेकू देऊ नका. चावी व दिवे बंद.

३) वायरीच्या रंगावर जाऊ नका. बॅटरीवर कोरलेली प्लस-मायनसची खूण बघा. बुरा चढला असेल तर पुसा. गोल खांबाच्या बॅटरीत प्लसचा खांब थोडा जाड असतो. मीटर असेल तर मीटरने खात्री करा.

४) क्रम असा : लाल वायर उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या टोकाला ठिणगी उडतेच. ती बॅटरीच्या वायूपासून दूर उडावी एवढ्यासाठी हा खटाटोप. बॉडीला प्लस असलेल्या जुन्या ट्रॅक्टरला हा क्रम लावू नका. त्याची बॅटरी काढून चार्ज करून घ्या.

५) शेवटची क्लिप टेकताच मोठी ठिणगी व फाडकन आवाज झाला तर तेथेच हात मागे घ्या. ती धोक्याची सूचना आहे.

६) चांगली गाडी चालू करून पाच-दहा मिनिटे थांबा, मग सेल्फ मारा. सुरू झाल्यावर उलट क्रमाने वायरी काढा.

आणखी एक. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून "अल्टरनेटर चालतो का" हे बघण्याची जुनी खोड कित्येकांना आहे. डायनॅमोच्या काळात ते खपून गेले. अल्टरनेटरवर तसे केले की दाब एकदम उसळतो व रेग्युलेटर, डायोड, कंट्रोल युनिट जे सापडेल ते जळते. हे कधीही करू नका.

शेवटी एक विनंती

या रविवारी अर्धा तास काढा. बॅटरीचे दोन्ही खांब घासा, थोडे ग्रीस किंवा व्हॅसलीन लावा. प्लसच्या वायरीला लाल पट्टी गुंडाळा व बॅटरीच्या खोक्यावर त्या बाजूला लाल रंगाने मोठा प्लस काढा. ड्रायव्हरला व घरातल्या मुलांनाही दाखवून ठेवा. मेन फ्यूजचा एक जादा नग टूलबॉक्समध्ये टाका. रात्री अकराला फडात, टॉर्चच्या उजेडात, डोक्यात गव्हाणीची घाई असताना त्या लाल खुणेची किंमत कळते.

आणि शेजाऱ्याच्या मदतीला जायचे थांबवू नका. अडल्या गाडीला जोड देणे ही आपल्या भागाची चांगली रीत आहे. फक्त शेवटची क्लिप लावण्यापूर्वी एकाने लावावे, दुसऱ्याने बघावे आणि दोघांनी मिळून "प्लसला प्लस" असे मोठ्याने म्हणावे. चूक झालीच तर भांडणाआधी मीटर लावावा.